पडद्यावरचा बेडूक : शरीरक्रियाशास्त्राचा ऑनलाइन गृहपाठ

मेहकर म्हटलं की महाराष्ट्रात बुलढाणा जिल्ह्यातलं, शारंगधर बालाजीचं मेहकर आठवतं. हा लेख दुसऱ्या मेहकरच्या मुलांना डोळ्यांसमोर ठेवून लिहिला आहे. हे मेहकर कर्नाटकात, बीदर जिल्ह्यातल्या भालकी तालुक्यात आहे. या पट्ट्यात घरात मराठी आणि कचेरीत कन्नड चालते. मूल एमबीबीएस किंवा नर्सिंगला गेलं की पुस्तक इंग्रजीत येतं. नीट या प्रवेशपरीक्षेची प्रश्नपत्रिका मराठीत मिळते, पण पुढचा अभ्यास मराठीत नाही. घटनेच्या ३७१ (जे) कलमामुळे कल्याण कर्नाटकातल्या, म्हणजे बीदर ज्यात येतो त्या भागातल्या, शिक्षणसंस्थांमध्ये स्थानिकांना ७० टक्के जागा राखीव आहेत, म्हणून बीदर आणि कलबुर्गीची वैद्यकीय महाविद्यालयं इथल्या मुलांच्या आवाक्यात आली. पहिल्या वर्षी तिथे शरीरक्रियाशास्त्र, म्हणजे फिजिऑलॉजी, समोर उभं राहतं आणि त्याचा बराच सराव आता संगणकावर असतो.

बेडूक पडद्यावर का गेला

जुन्या डॉक्टरांना विचारा, प्रयोगशाळेतला काजळीचा ड्रम ते विसरलेले नसतात. जर्मन शास्त्रज्ञ कार्ल लुडविग यांनी १८४७ मध्ये कायमोग्राफ बनवला. फिरत्या नळकांड्यावर काजळी धरलेला कागद, बेडकाच्या पोटरीचा स्नायू, त्याला जोडलेली तरफ. स्नायू आकसला की तरफेचं टोक काजळीवर पांढरी रेघ ओढायचं. पिढ्यान् पिढ्या हाच प्रयोग झाला, आणि त्यासाठी बेडूक मारले गेले.

एमबीबीएसच्या २०१९ पासून लागू झालेल्या क्षमताधारित अभ्यासक्रमात शरीरक्रियाशास्त्राच्या यादीत ३.१८ क्रमांकाची नोंद आहे : उभयचरांच्या चेता-स्नायूचे आणि हृदयाचे प्रयोग संगणकाच्या साहाय्याने पाहायचे. माझ्या मते हा बदल योग्यच झाला. एक गोष्ट मात्र हातची गेली. खरा स्नायू कधी कधी आलेखाप्रमाणे वागत नाही, थकतो, वाळतो. पडद्यावरचा बहुधा दर वेळी शहाण्यासारखाच वागतो.

गृहपाठ चालतो कसा

परदेशी प्रकाशकांच्या प्रणाली पैसे देऊन घ्याव्या लागतात. त्यांतली मास्टरिंग ही मालिका एमआयटीतले भौतिकशास्त्रज्ञ डेव्हिड प्रिचर्ड यांच्या सायबरट्यूटरमधून वाढली. प्रश्न सुटला नाही तर सूचना मागायची, उत्तर चुकलं तर कुठे चुकलं याचा इशारा मिळतो आणि पुन्हा प्रयत्न करता येतो. सूचना घेतल्यावर किंवा चुकल्यावर गुण किती कापायचे, हे शिक्षक ठरवतात. म्हणून नियम आधी वाचावेत. चुकीला दंड नसेल तर सूचनेआधी एक प्रामाणिक चूक करून पाहणं फायद्याचं.

आपल्याकडे फुकटात एनपीटीईएल हे ऑनलाइन अभ्यासक्रमांचं व्यासपीठ आहे. आयआयटी कानपूरचा प्राण्यांच्या शरीरक्रियाशास्त्राचा अभ्यासक्रम तिथेच सापडेल. १२ आठवड्यांच्या अभ्यासक्रमात दर आठवड्याला एक स्वाध्याय असतो; त्यांतल्या सर्वोत्तम ८ स्वाध्यायांची सरासरी २५ गुणांत धरतात, उरलेले ७५ गुण परीक्षेचे. प्रमाणपत्रासाठी २५ पैकी १० आणि ७५ पैकी ३० लागतात. स्वाध्याय फुकट दिसतात, परीक्षेला शुल्क आहे.

एक प्रयोग नीट सोडवू

पडद्यावर बेडकाचा स्नायू आहे, शेजारी विजेचा दाब वाढवायची कळ. बहुतेक मुलं लगेच कळ दाबत सुटतात. तसं करू नका. आधी वहीत आलेख काढा : दाब वाढवत नेला तर आकुंचनाची उंची कशी वाढेल?

आता एकेक पायरी चढा. सुरुवातीला काहीच होत नाही. एका ठरावीक दाबाला स्नायू किंचित हलतो, हा उंबरठा. पुढे उंची वाढत जाते आणि मग अडते. दाब दुप्पट केला तरी रेघ वर जात नाही. गृहपाठात प्रश्न याच सपाट भागावर येतो, आणि रट्टा मारणारा इथेच अडकतो. एकेक स्नायुतंतू एका झटक्याला एकतर पूर्ण आकसतो, नाहीतर मुळीच नाही. दाब वाढवला म्हणजे एकच तंतू जास्त जोर लावतो असं नाही, जास्त तंतू कामाला लागतात. सगळे लागले की वाढ संपली.

लगेच दुसरा प्रश्न येतो : मग वेगाने झटके दिले तर उंची आणखी का वाढते? कारण आधीचं आकुंचन सैल पडायच्या आत दुसरं येऊन त्यावर चढतं. वेग खूप वाढवला की रेघ थरथरायची थांबते आणि सलग ताण दिसतो. म्हणजे ‘पूर्ण किंवा मुळीच नाही’ हा नियम एका झटक्यापुरता आहे. वहीतला तुमचा आलेख आणि पडद्यावरचा जिथे जुळत नाहीत, तिथेच अर्धा तास बसा.

आकडे आणि एककं

मूत्रपिंडं मिनिटाला साधारण १२५ मिली द्रव गाळतात. दिवसाला किती? १२५ गुणिले ६० गुणिले २४, म्हणजे १,८०,००० मिली, १८० लिटर. लघवी दीड लिटरच्या आसपास. म्हणजे ९९ टक्क्यांहून जास्त द्रव परत रक्तात शोषला जातो. हे गणित कळलेला विद्यार्थीसुद्धा लिटर मागितले असताना मिलीचा आकडा भरतो आणि यंत्र निर्दयपणे चूक दाखवतं. फोनवर मराठी कळफलक चालू असेल तर देवनागरी आकडे पडू नयेत म्हणून आकडे टाकण्याआधी तो बदलून घ्या.

रेंज नसेल तर

अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठाचा फेट हा उपक्रम कार्ल वीमन यांनी २००२ मध्ये सुरू केला. त्याचे प्रयोग फुकट आहेत, उतरवून घेतले की इंटरनेटशिवाय चालतात आणि अनेक मराठीतही आहेत. त्यातल्या न्यूरॉनच्या, म्हणजे चेतापेशीच्या, प्रयोगात सोडियमचे मार्ग उघडताना दिसतात आणि काळ थांबवता किंवा मागे नेता येतो. भालकीला किंवा बीदरला गेल्यावर असे प्रयोग उतरवून आणावेत.

उत्तरं फिरतात त्याचं काय

व्हॉट्सअ‍ॅपच्या गटात तयार उत्तरं येतात, हे शिक्षकांनाही माहीत असतं. म्हणून पुष्कळ प्रणाली प्रत्येकाला वेगळे आकडे देतात. नकललेलं उत्तर तिथे उघडं पडतं. तोंडी परीक्षेत आलेख समोर ठेवून ‘ही रेघ इथे सपाट का झाली?’ असं विचारलं जातं, तेव्हा गट मदतीला येत नाही.

मुदत रात्री बाराची असली तरी गृहपाठ संध्याकाळीच जमा करा आणि उत्तर पोचल्याची खूण दिसली की तिचा स्क्रीनशॉट काढून ठेवा.