बाहुल्याचा आवाज कुणाचा?

बडनेऱ्यात आमच्या मोहल्ल्यात ‘तात्या विंचू आला’ म्हटलं, की लेकरू आजही मायला बिलगतं. १९८८च्या ‘चाइल्ड्स प्ले’ या अमेरिकी भयपटाच्या कल्पनेवर महेश कोठारे यांनी १९९३ साली ‘झपाटलेला’ काढला. दिलीप प्रभावळकरांचा मरता गुंड मंत्राने बाहुल्यात शिरतो आणि लक्ष्मीकांत बेर्डे यांच्या देहावर टपून बसतो. बाहुला घडवला रामदास पाध्ये यांनी. ‘अर्धवटराव’ बोलता करणाऱ्या यशवंत पाध्ये यांचे हे चिरंजीव.

आता यातली मेख ऐका. शब्दभ्रमकार ओठ हलवत नाही. पण प, ब, म ही अक्षरं ओठ मिटल्याशिवाय निघत नाहीत. मग तो जिभेने त, द, न यांच्या जवळचे ध्वनी काढतो आणि बाहुल्याचा जबडा हलवतो. डोळ्याला दिसलं तेच कानाला खरं वाटतं. लेकरू पहिल्यांदा ‘माय’ म्हणतं ते ओठ मिटून. बाहुल्याची पंचाईत नेमकी तिथंच होते.

म्हणून भ्यालेल्या लेकराला दटावू नका. त्याच्या हातात जुना पायमोजा चढवा, त्यालाच बोलू द्या. आवाज आपलाच आहे, हे कळलं की भीती निम्मी होते.