विश्लेषण : बाहेर पाऊस, आत एसी, तरी मोठ्या इमारतींत हवा कोंदट का? कर्जत-खालापूरचे गणित काय सांगते?

कर्जत आणि खालापूर तालुक्यांत रिसॉर्ट, एसी मंगल कार्यालये, महाविद्यालये, रुग्णालये आणि कारखाने वाढत आहेत. अशा इमारतींत वीजबिल कमी करायचे ठरले की पहिली कात्री अनेकदा ताज्या हवेला लागते. कारण विजेला मीटर असतो, हवेला नसतो. पण वीज वाचवायची तर हवा कोंडायलाच हवी का? समजून घेऊ.

हा प्रश्न कर्जत-खालापूरमध्ये वेगळा का?

या भागाचे हवामान दोन टोकांचे आहे. एप्रिल-मेमध्ये पारा ४० अंशांपुढे जातो. समुद्राचा वारा घाटाच्या पायथ्याशी पोहोचेपर्यंत त्याचा गारवा संपलेला असतो. जूननंतर चित्र पालटते. कर्जतमध्ये वर्षाला ३,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि चार महिने हवेतला दमटपणा हटत नाही. म्हणजे इथल्या इमारतीला उन्हाळ्यात उष्णतेशी आणि पावसाळ्यात ओलाव्याशी झुंजावे लागते.

विजेशी या भागाचे नाते जुने आहे. टाटांचे खोपोलीचे जलविद्युत केंद्र १९१५ मध्ये सुरू झाले. त्याच्या विजेवर मुंबईतल्या कापड गिरण्या चालू लागल्या आणि कोळशावरचा भार कमी झाला. कर्जत तालुक्यातले भिवपुरीचे केंद्र १९२२ मध्ये सुरू झाले. वीज तयार करणाऱ्या याच पट्ट्यात आता वीज खाणाऱ्या मोठ्या इमारती उभ्या राहत आहेत.

स्प्लिट एसी ताजी हवा आत आणतो का?

नाही. हा सर्वांत मोठा गैरसमज आहे. भिंतीवरचा नेहमीचा स्प्लिट एसी खोलीतलीच हवा ओढतो, थंड करतो आणि परत खोलीत सोडतो. बाहेरच्या यंत्राला जोडलेल्या तांब्याच्या नळ्यांतून फक्त थंड करणारा वायू फिरतो, हवा नाही.

मोठ्या इमारतींत सेंट्रल एसी असेल तर ‘एअर हँडलिंग युनिट’ बसवलेले असते. तिथे बाहेरची हवा घेण्यासाठी वेगळी झडप असते. तिला डॅम्पर म्हणतात. डॅम्पर जितका उघडा, तितकी ताजी हवा जास्त. पण अनेक वर्ग, क्लास, बँका आणि दवाखाने फक्त स्प्लिट एसीवर चालतात. तिथे दार उघडेल तेव्हा येईल तेवढीच ताजी हवा.

हवा शिळी झाली हे कसे कळते?

कार्बन डायऑक्साइड मोजून. मोकळ्या हवेत त्याचे प्रमाण साधारण ४२० पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत ४२० भाग असते. बंद खोलीत माणसांच्या श्वासामुळे ते वाढत जाते. ते १,००० पीपीएमच्या आत असावे, असा ढोबळ नियम वापरला जातो.

बसून काम करणारी प्रौढ व्यक्ती तासाला साधारण १८ लिटर कार्बन डायऑक्साइड सोडते. आता १८० घनमीटरचा एक वर्ग धरा. त्यात ६० विद्यार्थी, खिडक्या बंद, एसी चालू. ताजी हवा अजिबात येत नसेल तर मिनिटाला सुमारे १०० पीपीएमची भर पडते. म्हणजे दहा मिनिटांच्या आत १,००० चा आकडा ओलांडला जातो. तासाभराच्या तासिकेत डोके जड होणे, जांभया येणे, लक्ष उडणे याचे कारण नेहमी विषयच असतो असे नाही.

हा वायू या पातळीला विषारी नसतो. पण एकाने सोडलेला श्वास दुसरा किती प्रमाणात घेतो आहे, हे तो दाखवतो. क्षयरोग, गोवर, फ्लू, कोविड हे आजार हवेतून पसरतात. म्हणून हा आकडा रुग्णालयाच्या प्रतीक्षागृहात आणि वर्गात महत्त्वाचा ठरतो. कोविडकाळात, मार्च २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने कार्यालये, शाळा यांसारख्या ठिकाणी माणशी सेकंदाला १० लिटर ताजी हवा असावी, असे सुचवले होते.

मग ताजी हवा बंद का केली जाते?

कारण ती महाग पडते. किती, याचे गणित मांडता येते. २०० माणसांचा एक हॉल घ्या. माणशी १० लिटर म्हणजे सेकंदाला २,००० लिटर हवा आत घ्यावी लागेल. हॉलमध्ये २४ अंश तापमान आणि ५५ टक्के आर्द्रता हवी आहे, असे धरू.

एप्रिलची दुपार : बाहेर ३९ अंश, आर्द्रता ३० टक्के. ही हवा हॉलच्या पातळीला आणण्यासाठी एसीवर सुमारे ५० किलोवॅटचा भार येतो.

जुलैचा दिवस : बाहेर २७ अंश, आर्द्रता ९० टक्के. भार सुमारे ६५ किलोवॅट, म्हणजे साधारण १८ ते १९ टन.

बाहेर गार वाटत असताना जुलैचा भार एप्रिलपेक्षा जास्त कसा? कारण हवेतले पाणी. जुलैच्या त्या हवेतून तासाला सुमारे ८० लिटर पाणी काढावे लागते. पिण्याच्या पाण्याचे वीस लिटरचे चार जार भरतील, इतके. वाफेचे पाणी करताना मोठी उष्णता बाहेर पडते आणि ती वाहून नेण्याचे काम एसीलाच करावे लागते. यासाठी तासाला २० युनिटच्या वर वीज जाऊ शकते, तीही फक्त ताज्या हवेपोटी. माणसे, दिवे आणि छताची उष्णता वेगळी.

उच्चदाब ग्राहकाला युनिटच्या जोडीला मागणी आकारही भरावा लागतो. त्यामुळे डॅम्पर बंद करणे हा देखभाल विभागाला सर्वांत सोपा उपाय वाटतो. बिल पुढच्या महिन्यात कमी दिसते. हवा मात्र कोणत्याही कागदावर दिसत नाही.

तापमान १८ वर आणले तर दमटपणा जातो का?

बहुतेकदा उलट घडते. ओलावा काढण्यासाठी हवा थंड कॉइलवरून पुरेसा वेळ वाहावी लागते. ‘जास्त टनाचा घेतला की बरे’ म्हणून गरजेपेक्षा मोठा एसी बसवला, तर खोली पटकन थंड होते, कॉम्प्रेसर थांबतो आणि पंखा चालू राहतो. कॉइलवरचे पाणी पुन्हा हवेत मिसळते. खोली गार पण चिकट लागते. लोक तापमान आणखी खाली आणतात. भिंती आणि गाद्या थंड झाल्या की त्यांवर ओल धरते आणि बुरशी येते. पावसाळ्यात हॉटेलच्या खोलीत येणारा कुबट वास अनेकदा इथूनच येतो.

दुसरे कारण एक्झॉस्ट पंखे. स्वयंपाकघर आणि स्वच्छतागृहांतले पंखे हवा बाहेर फेकतात, पण तेवढी हवा आत आणण्याची सोय नसते. मग दारा-खिडक्यांच्या फटींतून, फॉल्स सीलिंगच्या वरून बाहेरची ओली हवा आत ओढली जाते. ती ना गाळलेली असते, ना सुकवलेली.

खिडक्या उघडणे हा उपाय आहे का?

अनेक इमारतींत आहे, आणि तोच सर्वांत स्वस्त. समोरासमोर खिडक्या, उंच छत, खोल व्हरांडा आणि छताचा पंखा असेल तर वर्षातले बरेच महिने एसीशिवाय निभावते. पण सगळीकडे नाही. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाला लागून असलेली इमारत, पाताळगंगा औद्योगिक पट्ट्याजवळची शाळा किंवा उन्हाळ्यात राब भाजला जातो त्या शेतांशेजारचे रिसॉर्ट, इथे बाहेरची हवाही धुराची असू शकते.

पीएम २.५ या सूक्ष्म कणांसाठी भारताची २४ तासांची मर्यादा घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम आहे. जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ ची शिफारस १५ ची आहे. अशा ठिकाणी ताजी हवा चांगल्या फिल्टरमधून गाळून घ्यावी लागते. घरगुती एसीची जाळी मोठी धूळ अडवते, हे बारीक कण नाही.

वीज आणि हवा दोन्ही कशा सांभाळता येतात?

माणसे असतील तेवढीच हवा : २०० जणांच्या हॉलमध्ये ५० जण असतील तर पाव हवा पुरते. कार्बन डायऑक्साइडचा सेन्सर डॅम्परला जोडला की हे आपोआप होते.

बाहेर जाणाऱ्या थंडाव्याचा वापर : ‘एनर्जी रिकव्हरी व्हील’ या फिरत्या चाकातून बाहेर जाणारी थंड, कोरडी हवा आत येणाऱ्या हवेची उष्णता आणि ओलावा काढून घेते. दर्जानुसार साधारण ६० ते ७० टक्के भार वाचतो. वरच्या उदाहरणातले ६५ किलोवॅट २० ते २५ वर येऊ शकतात. पंख्यांची थोडी जास्तीची वीज यातून वजा करावी लागते. चाकातून थोडी हवा एका बाजूची दुसऱ्या बाजूला जाते. त्यामुळे संसर्गजन्य रुग्णांचे कक्ष आणि रासायनिक प्रयोगशाळांत ते वापरत नाहीत.

ताज्या हवेचे वेगळे यंत्र : ओलावा काढण्याचे काम एका यंत्राकडे आणि खोली थंड करण्याचे काम दुसऱ्याकडे दिले की तापमान उगाच खाली आणावे लागत नाही.

पंख्याचा वेग : मोठ्या पंख्याचा वेग ८० टक्क्यांवर आणला तर वीज जवळपास निम्मी लागते. व्हीएफडी हे वेग बदलणारे उपकरण यासाठीच असते.

आधी ऊन अडवणे : छताला उष्णतारोधक थर किंवा पांढरा रंग, खिडक्यांवर छज्जे, फटी बुजवणे. भार मुळातच कमी झाला की एसीही लहान लागतो.

कारखान्यांच्या शेडचे काय?

खोपोली आणि पाताळगंगा परिसरातल्या शेडना सहसा एसी नसतो. पत्र्याची उष्णता आणि कामाचा धूर हे तिथले प्रश्न आहेत. छतावरचे वाऱ्याने फिरणारे व्हेंटिलेटर विजेशिवाय गरम हवा बाहेर काढतात, पण खालून हवा यायला जागा नसेल तर ते नुसतेच फिरतात. वेल्डिंगचा धूर किंवा रसायनांची वाफ जिथे निघते तिथेच हूड लावून ओढून घेतली, तर सगळ्या शेडची हवा बदलण्यापेक्षा खूप कमी हवा आणि वीज लागते. कामगाराच्या नाकापर्यंत धूर पोहोचण्याआधीच तो पकडला जातो.

जुन्या इमारतीत हे शक्य आहे का?

दक्षिण मुंबईतील गोदरेज भवन हे त्याचे उदाहरण. १९७२ मध्ये बांधलेल्या या कार्यालयीन इमारतीची एसी यंत्रणा २०१० च्या सुमारास बदलण्यात आली. हा खर्च सुमारे पाच वर्षांत भरून निघेल, असा हिशेब मांडला गेला होता. जुनी यंत्रणा बदलायची वेळ येते तेव्हाच ताज्या हवेची सोय करून घेणे स्वस्त पडते. नंतर फॉल्स सीलिंग फोडून डक्ट टाकणे परवडत नाही.

कायदा काय सांगतो?

ऊर्जा संवर्धन कायदा २००१ चा आहे. १०० किलोवॅट जोडभार किंवा १२० केव्हीए करारित मागणी असलेल्या इमारती त्याच्या कक्षेत येतात. २०२२ च्या दुरुस्तीने मोठ्या निवासी इमारतींसाठीही वाट मोकळी केली. ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोने २०२४ मध्ये ‘शाश्वत इमारत’ हा विचार जोडून संहितेची नवी आवृत्ती आणली. अंमलबजावणी राज्ये आणि स्थानिक नियोजन यंत्रणांकडे आहे.

१ जानेवारी २०२० पासून स्टार मानांकित घरगुती एसी २४ अंशांवर सुरू होतात. एक अंश वाढवला की सुमारे ६ टक्के वीज वाचते, असे ब्यूरो सांगतो. जून २०२५ मध्ये केंद्रीय ऊर्जामंत्री मनोहरलाल खट्टर यांनी एसीचे तापमान २० ते २८ अंशांतच ठेवण्याचा नियम आणण्याची घोषणा केली. हा भर विजेवर आहे. खोलीतली हवा रोज मोजून ती लोकांना दाखवावी, असे बंधन क्लास, हॉल किंवा कार्यालयावर नाही.

नागरिकांनी काय विचारावे?

क्लासची फी भरताना, हॉल ठरवताना किंवा सोसायटीच्या बैठकीत चार प्रश्न पुरेसे आहेत. इथे बाहेरची हवा कुठून येते? डॅम्पर उघडा आहे का? फिल्टर शेवटचा कधी बदलला? कार्बन डायऑक्साइड मीटर आहे का? असे मीटर काही हजार रुपयांत मिळतात. घेताना ‘एनडीआयआर’ सेन्सर असल्याची खात्री करावी, कारण काही स्वस्त यंत्रे नुसता अंदाज दाखवतात. मीटरवर १,००० च्या वर आकडा टिकत असेल तर खिडकी उघडा, एक्झॉस्ट लावा किंवा माणसे कमी करा.

कर्जत-खालापूरमध्ये पुढच्या काही वर्षांत उभ्या राहणाऱ्या बऱ्याच इमारती आज नकाशावर आहेत. ताज्या हवेच्या डक्टची जागा त्याच नकाशात ठरते.