आंब्याची पेटी

कोलशेतच्या गावठाणातल्या एका घराच्या मागच्या दारी, धुण्याच्या दगडाशी मी बसले आहे. सकाळचे साडेनऊ होत आलेत. माघाचं ऊन अजून कोवळं आहे. खाडीवरून खारा वारा येतो आणि त्याच्याबरोबर रस्त्यापलीकडच्या नव्या टॉवरच्या बांधकामाची घरघरही. परसात चार कोंबड्या आणि एक कोंबडा. भिंतीच्या कडेला हापूसच्या दोन रिकाम्या लाकडी पेट्या आडव्या ठेवून त्यांत भाताचा पेंढा घातला आहे. दोन्ही सारख्याच, तरी चौघींची अंडी डावीकडच्या पेटीतच पडतात. तिच्यावर कढीपत्त्याची सावली असते, म्हणून ती आतून जास्त काळोखी.

तांबडीचं आज काहीतरी वेगळं चाललंय. कण्या टाकल्या तर दोन-चार टिपून ती बाजूला झाली. मान लांब करून परसभर फिरते आहे. तुळशीच्या मागे डोकावते, लाकडांच्या फळीखाली वाकून बघते, डालग्याभोवती एक चक्कर मारते. मधूनच घशातून लांबवलेला, कण्हल्यासारखा सूर काढते. हा सूर भुकेचा नाही, घारीच्या भीतीचाही नाही. अंडं आलंय आणि जागा हवी आहे, एवढंच ती सांगते आहे.

काकी पायरीवर तांदूळ निवडत बसल्यात. माझ्याकडे न बघताच म्हणतात, "तू समोर बसलीस म्हनून ती जात नाय. जरा मागं सर."

मी मागे सरकते. तांबडी डाव्या पेटीत डोकं घालते, तर आत काळी बसलेली. काळी पिसं फुलवून गुरगुरते. उजवी पेटी मोकळी आहे, पेंढाही ताजा आहे. पण तांबडी तिकडे ढुंकूनही बघत नाही. एक पाय पोटाशी घेऊन दाराशी उभी राहते. दहा मिनिटं, पंधरा मिनिटं. मग काळी बाहेर उडी मारते आणि कलकलाट करत परस डोक्यावर घेते. कोंबडाही तिच्या सुरात सूर मिसळतो. त्या गोंगाटात तांबडी हळूच आत शिरते.

ही ओढ आजची नाही. १९६० च्या दशकात एडिंबरातल्या संशोधकांनी तिचं मूळ शोधलं. आदल्या दिवशी बलक जिच्यातून सुटतो ती इवली पिशवी रिकामी होऊनही कोंबडीच्या पोटात राहते, आणि तीच दुसऱ्या दिवशी घरटं शोधायला लावते. तिला काढून टाकलं तर कोंबडी घरटं शोधेनाशी होते. म्हणजे तांबडीची ही सकाळ कालच ठरलेली होती. मोठ्या पोल्ट्रीत तारेच्या पिंजऱ्यातल्या कोंबडीच्या पोटातही ती पिशवी असतेच. तिथे पेंढा नाही, आडोसा नाही. अंडं येईपर्यंत ती जागच्या जागी येरझाऱ्या घालते. युरोपीय संघाने तसले उघडेबोडके पिंजरे २०१२ पासून बंद केले. आपल्याकडे ते अजून आहेत, आणि तांबडीला दाराशी ताटकळताना पाहिल्यावर मला ते सहन होत नाही.

आत ती गोल फिरते. पायांनी पेंढा मागे सारते, छाती दाबून खळगा करते. एकेक काडी चोचीने उचलून स्वतःच्या पाठीवर टाकते, स्वतःला झाकून घेत असल्यासारखी. मग बसते. डोळे अर्धे मिटतात.

वीसेक मिनिटांनी ती अर्धवट उठते. पाठीवरची पिसं उभी, शेपूट खाली, चोच किंचित उघडी. अंग एकदा आवळतं, पुन्हा आवळतं. आतलं गुलाबी अस्तर बाहेर उलटतं, त्यामुळे अंड्याला वाटेतली घाण लागत नाही. बोथट टोक आधी दिसतं आणि अंडं पेंढ्यावर उतरतं. ओलं, चकचकीत, फिकट बदामी. बघता बघता ती ओल सुकते आणि चकाकी जाते. त्या सुकलेल्या पातळ थराने कवचाची बारीक छिद्रं बुजतात, म्हणून काकी अंडी धूत नाहीत.

नुसतं कवच चढायलाच वीसेक तास लागतात, त्यातलं बरंचसं काम रात्री, कोंबडी झोपेत असताना. त्यासाठी लागणारा चुना कमी पडला तर ती तो आपल्या हाडांतून काढून देते. काकींना हे कुणी शिकवलेलं नाही, तरी कालवणातल्या शिवल्यांच्या शिंपल्या त्या टाकून देत नाहीत. उन्हात वाळवतात, वरवंट्याने भरडतात आणि संध्याकाळी परसात टाकतात.

आता तांबडी कलकलत बाहेर येईल म्हणून मी वाट बघते. ती येत नाही. चोचीने अंडं पोटाखाली ओढते, शेजारचं काळीचंही ओढते आणि पसरून बसते. काकी तांदळाचं सूप बाजूला ठेवून उठतात, हात आत घालतात. तांबडी फुगते, मनगटावर चोच मारते.

"खुडूक झाली," काकी हात चोळत म्हणतात. त्यांचा चेहरा उजळला आहे.

त्या घरात जातात. आठवडाभराची अंडी टोपलीतून आणतात, एकेक उजेडाकडे धरून बघतात. तडकलेलं एक बाजूला काढतात. उरलेली नऊ.

"रातच्याला ठेवीन तिच्याखाली. काळोखात ती चोच नाय मारत." मग आत भिंतीवरच्या कालनिर्णयाकडे बघत बोटांवर एकवीस दिवस मोजू लागतात.