स्थूलतेवरील शस्त्रक्रिया आणि तिची निवड

दोन रुग्णांची कल्पना करा. दोघांचेही वय चाळिशीच्या पुढचे, उंची १६० सेंटिमीटर आणि वजन १०० किलोग्रॅम. त्यांपैकी एक रेल्वेत कारकून आहे. त्याला काही वर्षांपासून मधुमेह आहे आणि रात्री अंथरुणावर आडवे होताच आंबट पाणी घशाशी येऊन छातीत जळजळ होते. दुसरी रुग्ण शिक्षिका आहे. तिला मधुमेह नाही. परंतु सांधे आखडतात, सुजतात आणि त्यासाठी वेदनाशामक गोळ्या तिला जवळजवळ रोज घ्याव्या लागतात. दोघांनीही पथ्य केले, चालण्याचा व्यायाम केला. वजन काही किलो उतरले आणि पुन्हा चढले. अखेर दोघेही एकाच शल्यविशारदाकडे गेले. कारकुनाला एक शस्त्रक्रिया सुचविण्यात आली आणि शिक्षिकेला दुसरी.

वजन एकच असता उपाय दोन का, असा प्रश्न वाचकाच्या मनात येणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर शोधताना पचनसंस्थेच्या कार्याविषयी बरेच काही समजते. शिवाय हा प्रश्न केवळ कुतूहलाचा नाही. यांतील बहुतेक शस्त्रक्रिया एकदा केल्या की पूर्ववत करता येत नाहीत, किंवा मोठ्या कष्टानेच करता येतात. म्हणून निवड आधी समजून घेतलेली बरी.

वजन केव्हा रोग ठरते?

बेल्जियममधील गणिती आदोल्फ केतले याने १८३० च्या सुमारास असे दाखवून दिले की, प्रौढ माणसांचे वजन साधारणपणे त्यांच्या उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात असते. किलोग्रॅममधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागले असता जो अंक मिळतो, त्याला आज शरीरभार निर्देशांक म्हणतात. आपल्या दोन रुग्णांचा निर्देशांक १०० भागिले २.५६, म्हणजे सुमारे ३९ येतो.

परंतु हा अंक सर्वत्र एकच अर्थ सांगत नाही. पुण्याचे संशोधक डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोघांनी २००४ साली आपल्या स्वतःच्या शरीरांची तुलना प्रसिद्ध केली. दोघांचाही निर्देशांक २२.३ होता, मात्र युडकिन यांच्या शरीरात मेद ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के निघाला. बाहेरून सडपातळ दिसणाऱ्या भारतीयाच्या शरीरात मेद अधिक असू शकतो आणि त्यामुळे मधुमेह कमी वजनावरच गाठतो, असा याचा अर्थ. म्हणूनच शस्त्रक्रियेच्या मर्यादा आशियाई लोकांसाठी खालच्या धरल्या जातात. १९९१ साली अमेरिकेत ठरलेली मर्यादा ४० होती, आणि सोबत गंभीर विकार असल्यास ३५. भारतातील तज्ज्ञांनी त्या जागी अनुक्रमे ३५ आणि ३० हे अंक सुचविले. २०२२ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शनात आशियाई लोकांसाठी ही मर्यादा आणखी खाली, २७.५ पर्यंत आणण्यात आली.

एका चुकीपासून मिळालेला धडा

स्थूलतेवर शस्त्रक्रिया करण्याची कल्पना १९५४ साली अमेरिकेतील मिनेसोटा येथे आर्नल्ड क्रेमेन व त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडली. त्यांचा विचार सरळ होता. अन्नाचे शोषण लहान आतड्यात होते. तेव्हा आतड्याचा मोठा भाग वाटेतून वगळला, तर खाल्लेले अंगी लागणार नाही. त्याप्रमाणे वजन घटलेही. परंतु पुढील वर्षांत अनेक रुग्णांना अखंड अतिसार, मूत्रपिंडात खडे, सांध्यांची सूज आणि यकृताचा ऱ्हास असे विकार जडले. काहींना प्राण गमवावे लागले. वगळलेल्या आतड्यात अन्नाचा प्रवाह थांबल्यामुळे जंतूंची बेसुमार वाढ होत असे. ही शस्त्रक्रिया पुढे सोडून देण्यात आली. पण वजन उतरणे आणि आरोग्य मिळणे या दोन गोष्टी एक नव्हेत, हा तिने शिकविलेला धडा कायम राहिला.

आयोवा विद्यापीठातील एडवर्ड मेसन यांनी वेगळी वाट धरली. व्रणामुळे ज्यांच्या जठराचा बराच भाग कापून काढावा लागे, असे रुग्ण पुढे सहसा लठ्ठ होत नसत, हे त्यांच्या ध्यानात आले होते. १९६६ साली त्यांनी चिकाशी इतो यांच्यासह जठराच्या वरच्या भागाची लहान पिशवी करून ती थेट आतड्याला जोडली. आजच्या ‘बायपास’ शस्त्रक्रियेचा हा प्रारंभ होय.

आजचे मुख्य प्रकार

पहिला प्रकार ‘स्लीव्ह’ म्हणून ओळखला जातो. स्लीव्ह म्हणजे सदऱ्याची बाही. जठराची बाहेरची फुगीर बाजू उभी कापून काढतात. जठराचा सुमारे तीन-चतुर्थांशाहून अधिक भाग जातो आणि बाहीसारखी अरुंद नळी उरते. आतड्याला हात लावला जात नाही. अन्नाचा मार्ग पूर्वीचाच राहतो. ही शस्त्रक्रिया तुलनेने सोपी असून आज जगात सर्वांत अधिक केली जाते. परंतु काढलेला भाग परत मिळत नाही. शिवाय अरुंद नळीत दाब वाढल्यामुळे आम्ल अन्ननलिकेत चढण्याचा त्रास नव्याने उद्भवू शकतो किंवा असलेला वाढू शकतो.

दुसरा प्रकार बायपास. यात जठराच्या वरच्या टोकाशी जेमतेम ३० मिलिलिटर मावेल एवढी पिशवी वेगळी करतात. लहान आतडे काही अंतरावर कापून त्याचे खालचे टोक वर आणून या पिशवीला जोडतात, आणि वरचे टोक पुढे खाली जोडून देतात. एका वाटेने अन्न व दुसऱ्या वाटेने पित्त आणि स्वादुपिंडाचा रस येऊन पुढे एकत्र मिळतात. आकृती इंग्रजी ‘वाय’ अक्षरासारखी होते. ही जोडणी स्विस शल्यविशारद सेझार रू यांच्या नावाने ओळखली जाते. उरलेले जठर शरीरातच राहते, पण अन्न त्यात शिरत नाही. आम्ल वर चढण्याचा त्रास या शस्त्रक्रियेने बहुधा कमी होतो. मात्र जोडाच्या जागी व्रण होऊ शकतो, आतड्याचा पदर नव्या फटीत अडकू शकतो, आणि गोड पदार्थ एकदम आतड्यात उतरल्यास घाम, धडधड व भोवळ येते.

तिसरा प्रकार म्हणजे एकाच जोडणीचा बायपास. अमेरिकेतील रॉबर्ट रटलेज यांनी १९९७ साली तो सुरू केला आणि भारतातही तो बराच रूढ आहे. जठराची लांबट पिशवी करून आतड्याचा वेटोळा तिला एकाच ठिकाणी जोडतात. काम कमी वेळात होते. परंतु पित्त जठराच्या पिशवीत येण्याची शक्यता राहते, आणि वगळलेले आतडे फार लांब असेल तर पोषण खालावते.

चौथा प्रकार सर्वांत प्रभावी आणि सर्वांत जोखमीचा. इटलीतील जेनोव्हा येथे निकोला स्कोपिनारो यांनी १९७० नंतरच्या दशकात त्याचा पाया घातला. यात जठर लहान करून शिवाय आतड्याचा बराच लांब भाग वगळतात. वजन सर्वाधिक उतरते; पण प्रथिने तसेच अ, ड, ई आणि के ही मेदात विरघळणारी जीवनसत्त्वे कमी पडण्याचा धोका मोठा असतो.

पाचव्या प्रकाराचा, म्हणजे जठराभोवती बसविण्याच्या सिलिकोनच्या पट्ट्याचा, एके काळी फार बोलबाला होता. काहीही कापावे लागत नसे, हे त्याचे आकर्षण. पण पट्टा सरकणे, जठराच्या भिंतीत रुतणे आणि वजन पुरेसे न उतरणे या कारणांनी पुष्कळांचा पट्टा पुढे काढून टाकावा लागला. त्याचा वापर आता फार घटला आहे.

केवळ लहान पिशवी नव्हे

जठर लहान झाले म्हणून माणूस कमी खातो, एवढेच कारण आरंभी मानले जाई. परंतु बायपासनंतर कित्येक रुग्णांची रक्तशर्करा वजन उतरण्यापूर्वीच, काही दिवसांतच खाली येऊ लागली. अमेरिकेतील वॉल्टर पोरीस यांनी १९९५ साली याकडे जोराने लक्ष वेधले. १९९९ साली जपानमध्ये मासायासु कोजिमा आणि केंजी कांगावा यांनी जठरात तयार होणारे, भूक चेतविणारे घ्रेलिन हे हॉर्मोन शोधून काढले. ते मुख्यतः जठराच्या वरच्या घुमटासारख्या भागात निर्माण होते, आणि स्लीव्हमध्ये नेमका तोच भाग काढला जातो. बायपासमध्ये अन्न खालच्या आतड्यात लवकर पोचते. तेथून तृप्तीचा संदेश देणारी व इन्सुलिनला साह्य करणारी हॉर्मोने अधिक प्रमाणात स्रवतात. म्हणजे जठर व आतडे ही केवळ पिशवी आणि नळी नसून मेंदूशी व स्वादुपिंडाशी सतत बोलणारी इंद्रिये आहेत. शस्त्रक्रिया त्या संभाषणातच फेरफार करते.

तुलना काय सांगते?

स्वीडनमध्ये १९८७ साली सुरू झालेल्या अभ्यासात शस्त्रक्रिया झालेल्या २,०१० आणि न झालेल्या २,०३७ स्थूल व्यक्तींची नोंद ठेवण्यात आली. दहा वर्षांनंतर बायपास झालेल्यांचे वजन मूळच्या २५ टक्क्यांनी उतरलेले होते, पट्टा बसविलेल्यांचे १४ टक्क्यांनी. शस्त्रक्रिया झालेल्या गटात मृत्यूचे प्रमाणही कमी आढळले.

अमेरिकेतील एका चाचणीत मधुमेह असलेल्या १५० रुग्णांची चिठ्ठ्या टाकल्यासारखी तीन गटांत विभागणी केली होती. पाच वर्षांनी रक्तशर्करेचे ठरविलेले कठोर उद्दिष्ट केवळ औषधे घेणाऱ्यांपैकी ५ टक्क्यांना, स्लीव्ह झालेल्यांपैकी २३ टक्क्यांना आणि बायपास झालेल्यांपैकी २९ टक्क्यांना गाठता आले. फिनलंडमध्ये २४० रुग्णांवर झालेल्या चाचणीत दहा वर्षांनी जादा वजनापैकी स्लीव्हने सुमारे ४३ टक्के, तर बायपासने सुमारे ५२ टक्के वजन उतरल्याचे दिसले. त्याच वेळी आम्लामुळे अन्ननलिकेचा दाह स्लीव्ह झालेल्यांपैकी ३१ टक्क्यांत आणि बायपास झालेल्यांपैकी ७ टक्क्यांत आढळला.

धोकाही अंकांनीच मोजावा. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात ४,७७६ रुग्णांची पाहणी होती. त्यात बायपास व पट्टा या शस्त्रक्रियांनंतर पहिल्या ३० दिवसांत दगावणाऱ्यांचे प्रमाण ०.३ टक्के होते. हे प्रमाण अल्प खरे, पण शून्य नव्हे.

आपले दोन रुग्ण

आता आरंभीच्या प्रश्नाकडे वळू. कारकुनाला मधुमेह आहे आणि आम्लाचा त्रासही आहे. स्लीव्हने त्याची छातीतील जळजळ वाढण्याचा संभव आहे. बायपासने ती कमी होईल आणि मधुमेहावरही बहुधा अधिक लाभ मिळेल. म्हणून त्याला बायपास सुचविण्यात आला. शिक्षिकेला वेदनाशामक गोळ्या सुटण्याजोग्या नाहीत, आणि बायपासच्या जोडावर याच गोळ्या व्रण उत्पन्न करतात. तिला मधुमेह नाही, जळजळ नाही. म्हणून तिच्यासाठी स्लीव्ह अधिक सुरक्षित. कारकून धूम्रपान करीत असता, तर बायपासच्या बाबतीत पुन्हा विचार करावा लागला असता. कारण धूम्रपानानेही व्रण होतात.

याखेरीज आणखी काही गोष्टी पाहाव्या लागतात. रुग्ण शाकाहारी असेल तर त्याच्या शरीरात ब१२ जीवनसत्त्व आधीच कमी असण्याचा संभव असतो. बायपासनंतर त्याचे शोषण आणखी घटते. लोह आणि चुना हे मुख्यतः ग्रहणी व तिच्या लगतच्या आतड्यात शोषले जातात, आणि बायपासमध्ये तोच भाग वगळला जातो. मूल हवे असलेल्या स्त्रीने शस्त्रक्रियेनंतर एक ते दीड वर्ष गर्भधारणा टाळावी लागते. मद्याचे व्यसन असणाऱ्यास बायपास घातक ठरू शकतो, कारण मद्य रक्तात फार वेगाने चढते. आणि ज्याला वर्षानुवर्षे रक्ततपासणीसाठी येणे शक्य नाही, त्याला चौथ्या प्रकारची शस्त्रक्रिया सुचविणे हा अविचारच ठरेल.

सेमाग्लुटाइड, टिरझेपेटाइड यांसारखी नवी औषधे अलीकडे उपलब्ध झाली आहेत. तीही आतड्याच्या हॉर्मोनांचीच नक्कल करतात आणि वजन चांगले उतरवितात. मात्र ती थांबविली की वजन बहुधा परत चढते. काही रुग्णांना ती शस्त्रक्रियेऐवजी पुरेशी होतील, तर काहींना शस्त्रक्रियेच्या आधी वा नंतर उपयोगी पडतील.

शस्त्रक्रियेनंतरचे आयुष्य

टेबलावरचे काम दोन-तीन तासांत आटोपते. त्यानंतरचा काळ आयुष्यभराचा असतो. आरंभी पेज, ताक, गाळलेले वरण असे द्रव अन्न. मग मऊ अन्न. पुढे सावकाश, चावून खाल्लेले लहान घास. डाळी, दही, पनीर, अंडी यांतून प्रथिने आधी, भात-पोळी नंतर. लोह, चुना, ड आणि ब१२ जीवनसत्त्वे यांच्या गोळ्या वा सुया चुकवून चालत नाही. वजन वेगाने उतरताना पित्ताशयात खडे होऊ शकतात, याचीही जाणीव ठेवावी लागते. काही वर्षांनी थोडे वजन परत चढते. तो रुग्णाचा अपराध नव्हे, तर शरीराचा स्वभाव होय.

म्हणून शल्यविशारदासमोर बसलेल्या रुग्णाने सर्वांत चांगली शस्त्रक्रिया कोणती, असे विचारू नये. आपले विकार कोणते, औषधे कोणती, घरची व कामाची परिस्थिती कशी, हे सर्व आधी सांगावे आणि मग विचारावे : “माझ्यासाठी कोणती, कोणत्या कारणाने, आणि ती न मानवल्यास पुढचा मार्ग कोणता?” या तीन प्रश्नांची उत्तरे समजतील अशा शब्दांत मिळेपर्यंत संमतिपत्रावर सही करण्याची घाई नको.