कुरणात भरलेला वर्ग

बालपणीच वैधव्य आलेल्या अनुताई वाघ यांनी पुण्यातील शिक्षिकेची नोकरी सोडली आणि १९४५ साली डहाणू तालुक्यातील बोर्डी येथे ताराबाई मोडक यांच्या ग्रामबालशिक्षणाच्या कार्यात त्या सामील झाल्या. १९५७ मध्ये हे कार्य कोसबाडच्या टेकडीवर, आदिवासी वस्त्यांच्या सान्निध्यात आले. येथे खरी अडचण फळा-खडूची नव्हती. मूल गुरांमागे रानात जाई. मग शाळेत यावे कोणी? तेव्हा शाळाच त्याच्यामागे गेली. हीच कुरणशाळा! गुरे चरत असता झाडाखाली वर्ग भरे. माँटेसोरींची महागडी साधने खेड्यास परवडणारी नव्हती. त्यांची जागा शंख-शिंपले, बिया, पाने व माती यांनी घेतली. घरांच्या अंगणात भरली ती अंगणवाडी. १९७५ च्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेमुळे हे नाव गावोगावी पोहोचले.