इंग्रजी भाषेंतील लष्करी शब्द

इंग्रजी वाचणाऱ्या घरांतून शब्दकोश असतोच. परंतु नुसत्या पदांचा अर्थ जुळवून वाक्य लावूं गेल्यास कित्येक ठिकाणीं फसगत होते. रणांगणावरून निघून दिवाणखान्यांत येऊन बसलेले शब्द तर विशेष फसवे.

‘फॉर्लोर्न होप’ हाच शब्द घ्या. शाळेंतील मूल त्याचें ‘निराधार आशा’ असें भाषांतर करतें, आणि आजचे इंग्रज लेखकही त्याच अर्थानें तो योजतात. वस्तुतः मुळांत आशेचा संबंधच नाहीं. सोळाव्या शतकांत डच भाषेंतील ‘फरलोरेन होप’, म्हणजे गमावलेली टोळी, हा शब्द इंग्रजांनीं उचलला आणि त्यांतील ‘होप’ला आपल्या भाषेंतील आशा चिकटविली. तटास खिंडार पडल्यावर त्यांत सर्वांआधीं शिरणारी ती ही टोळी. इ. स. १८१२ मध्यें स्पेनांतील बादाहोसच्या वेढ्यांत अशा टोळ्या पुढें धाडल्या गेल्या. आपलें बहुधा काय होणार, हें त्या शिपायांस निघतांनाच ठाऊक असे.

‘फ्लॅश इन द पॅन’ हा प्रयोग चकमकीच्या बंदुकीचा. नळीबाहेरच्या लहानशा वाटींत रंजक घालीत. कधीं कधीं रंजक भपकन् पेटे, पण आग आंतल्या दारूपर्यंत न पोहोंचल्यामुळें गोळी सुटत नसे. एका पुस्तकानें गाजून पुढें कायमचा मावळलेल्या ग्रंथकारास हा शब्द किती शोभतो! (उदाहरणें वाचकांनीं मनांतल्या मनांतच आठवावीं.)

‘कँपेन’ म्हणजे मूळचें उघडें मैदान. युरोपांतील सैन्यें हिवाळा छावणींत काढून मग मैदानांत उतरत. आमच्याकडे पावसाळा सरल्यावर दसऱ्यास सीमोल्लंघन होई. म्हणूनच निवडणुकीच्या ‘कँपेन’ला ‘मोहीम’ म्हणणें आम्हांस अगदीं यथायोग्य वाटतें.

आतां ‘डेडलाइन’. अमेरिकेंतील यादवी युद्धांत, इ. स. १८६४ मध्यें, जॉर्जिया प्रांतांत अँडरसनव्हिल येथें दक्षिणेकडील पक्षानें युद्धकैद्यांसाठीं तुरुंग उभारला. उंच लांकडी कोटाच्या आंत सुमारें १९ फुटांवर एक साधें कठडें होतें. तें ओलांडणाऱ्या कैद्यास पहारेकरी तत्काळ गोळी घालीत. त्या रेषेचें हें नांव. सुमारें ४५,००० कैदी तेथें डांबले गेले, व त्यांपैकीं जवळजवळ १३,००० मेले, बहुतेक रोगानें व उपासमारीनें. तुरुंगाचा अधिकारी हेन्री वर्झ ह्यास १८६५ मध्यें फांशी देण्यांत आलें. विसाव्या शतकाच्या आरंभीं हाच शब्द अमेरिकन वृत्तपत्रांच्या कचेऱ्यांत मजकूर देण्याच्या अखेरच्या वेळेस लागूं झाला. तेथें रेषा ओलांडली तर लेख फार तर पुढच्या अंकीं जातो.