तारापूरच्या जुन्या अणुभट्ट्या : किती वर्षं चालवायच्या, आणि ठरवणार कोण?

ज्यांना हेडफोन लावून ऐकायला वेळ मिळाला नाही, त्यांच्यासाठी या भागाचं हे लेखी रूप. बोलण्याच्या ओघात आलेले 'म्हणजे', 'बरं का' थोडे कमी केलेत, बाकी सगळं जसंच्या तसं.

आमच्या अंबड एमआयडीसीत कुठल्याही गल्लीत शिरा, एखादी तीस-चाळीस वर्षं जुनी लेथ अजून चालताना दिसेलच. बेअरिंग बदललं, मोटर बदलली, पॅनेल नवं बसवलं, की मशीन पुन्हा कामाला लागते. पण बेडलाच तडा गेला, तर मिस्त्री म्हणतो, 'शेठ, आता भंगारात द्या.' म्हणजे मशीनचं वय किती, यापेक्षा तिचं काय बदलता येतं आणि काय नाही, हा खरा प्रश्न. आज हाच प्रश्न आपण एका अणुभट्टीला विचारणार आहोत.

आधी थोडी ओळख

नाशिकपासून सरळ रेषेत साधारण १२० किलोमीटरवर, पालघर जिल्ह्यात, समुद्राकाठी तारापूर अणुवीज केंद्र आहे. भारतातलं हे पहिलं. अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या तंत्रज्ञानावरची दोन युनिट्स ऑक्टोबर १९६९ मध्ये सुरू झाली. जगातल्या सर्वात जुन्या अणुभट्ट्यांमध्ये त्यांची गणना होते. सुरुवातीला प्रत्येकाची क्षमता २१० मेगावॉट होती. पुढे वाफ तयार करणाऱ्या काही उपकरणांत गळती सुरू झाली, ती उपकरणं बाजूला काढावी लागली आणि क्षमता १६० मेगावॉटवर आली. तिथेच २००५-०६ मध्ये ५४० मेगावॉटची आणखी दोन युनिट्स उभी राहिली, पण ती वेगळ्या प्रकारची. आपण बोलतोय ते पहिल्या दोघांबद्दल.

भट्टी म्हातारी होते म्हणजे काय होतं?

भट्टीच्या मध्यभागी जाड पोलादाचं एक प्रचंड भांडं असतं. त्यात इंधन आणि पाणी. इंधनातून सतत न्यूट्रॉन बाहेर पडतात आणि वर्षानुवर्षं त्या पोलादावर आदळत राहतात. त्याने पोलाद हळूहळू ठिसूळ होतं. हे किती झालं ते कळावं म्हणून त्याच पोलादाचे नमुने आत ठेवतात आणि ठरावीक काळाने काढून तपासतात.

पाइपांचं दुखणं वेगळं. गरम पाणी आणि ताण यांमुळे स्टेनलेस स्टीललाही बारीक तडे जातात. पण पाइप बदलता येतो. केबल, पंप, डिझेल जनरेटरही बदलता येतात. २००५-०६ मध्ये या युनिट्समध्ये सुरक्षेच्या बऱ्याच सुधारणा झाल्या. २०२० मध्ये दोन्ही युनिट्स बंद झाली आणि पाणी फिरवणारे मोठे पाइप बदलण्यासारखी कामं हाती घेतली गेली. पण मधलं भांडं? तो आपल्या लेथचा बेड. तो बदलत नाहीत.

बटण बंद केलं की संपलं?

आपल्या एकलहऱ्याच्या औष्णिक केंद्राचंच बघा. तिथली १९७०-७१ ची पहिली दोन युनिट्स थकली आणि बंद केली. कोळसा टाकणं थांबलं, बॉयलर थंड झाला, विषय संपला.

अणुभट्टीचं तसं नाही. साखळी प्रक्रिया थांबवल्यावरही इंधन तापतच राहतं. थांबवल्याच्या क्षणी मूळ उष्णतेच्या सहा-सात टक्के, आणि एका दिवसानंतरही साधारण अर्धा टक्का. ऐकायला कमी वाटतं, पण ती उष्णता काढून घेणारं पाणी थांबलं तर इंधन वितळतं. ११ मार्च २०११ ला जपानमध्ये फुकुशिमा दाइची केंद्रात हेच झालं. भूकंपाने बाहेरची वीज गेली, त्सुनामीने डिझेल जनरेटर बुडवले, पंप थांबले. तिथलं पहिलं युनिट १९७१ चं, जनरल इलेक्ट्रिकच्याच उकळत्या पाण्याच्या भट्ट्यांच्या कुटुंबातलं. तारापूर त्याहूनही जुनं.

मग घाबरायचं का? दोन्ही रचना हुबेहूब एक नाहीत, आणि फुकुशिमानंतर आपल्याकडच्या केंद्रांची फेरतपासणीही झाली. पण आजूबाजूचा भाग बदललाय. आपत्कालीन नियोजन केंद्राभोवती १६ किलोमीटरपर्यंत धरलं जातं. बोईसर आणि तारापूर एमआयडीसी त्याच्या आतच येतात. शिवाय २०१८ च्या नोव्हेंबरपासून डहाणू-तलासरी भागात भूकंपाचे छोटे धक्के बसत आलेत. १९६९ मध्ये जे गृहीत धरलं होतं, ते पुन्हा पुन्हा तपासावं लागणार.

आता राजकारण

जैतापूर तुम्हाला आठवत असेल. नव्या प्रकल्पासाठी मोर्चे निघाले, सभा झाल्या, २०११ मध्ये पोलिसांच्या गोळीबारात एका आंदोलकाचा जीव गेला. सगळे पक्ष बोलले. तारापूरवर मात्र निवडणुकीत कोण बोलतं? नव्या प्रकल्पाला जनसुनावणी लागते. जुन्याचा परवाना वाढवायचा तर फाइल आत फिरते. गावाला विचारण्याची तशी पद्धतच नाही.

परवाना देतं अणुऊर्जा नियामक मंडळ. ते १९८३ मध्ये सरकारी आदेशाने स्थापन झालं आणि अणुऊर्जा आयोगाला उत्तर द्यायचं. त्या आयोगाचा अध्यक्ष हाच अणुऊर्जा विभागाचा सचिव, आणि केंद्र चालवणारं महामंडळ त्याच विभागाखाली. म्हणजे परीक्षार्थी आणि परीक्षक एकाच घरातले. २०१२ मध्ये कॅगनेही यावर बोट ठेवलं होतं.

डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने 'शांती' कायदा केला. त्यात मंडळाला कायद्याचा आधार मिळाला, ही चांगली गोष्ट. त्याच कायद्याने खाजगी कंपन्यांनाही दार उघडलं आणि खराब माल पुरवणाऱ्याकडून भरपाई मागण्याचा २०१० च्या कायद्यातला हक्क आकुंचित केला. २०४७ पर्यंत १०० गिगावॉट अणुवीज हे सरकारचं उद्दिष्ट आहे. इतकी घाई असताना जुनी युनिट्स चालू ठेवण्याचा मोह वाढणारच.

जगातही एकमत नाही. जर्मनीने एप्रिल २०२३ मध्ये शेवटच्या तीन भट्ट्या बंद केल्या. अमेरिकेत काही भट्ट्यांना ८० वर्षांपर्यंत परवानगी मिळाली आहे. पण दोन्हीकडे त्यावर उघड वाद झाले, कागद लोकांसमोर आले.

आपण ते तरी मागू शकतो. भांड्याच्या पोलादाचे नमुने काय सांगतात? तपासणीचा अहवाल पूर्ण वाचायला मिळेल का? बोईसरमधल्या कामगाराला सायरन वाजल्यावर कुठे जायचं हे माहीत आहे का? आणि सर्वात महत्त्वाचं, मंडळ 'नाही' म्हणालं तर ते ऐकलं जाईल का?

लेथ बंद करायची की नाही, हे मिस्त्री सांगतो. पण तो खरं सांगतो, कारण त्याचा पगार मशीन चालण्यावर अवलंबून नसतो. तारापूरलाही असाच मिस्त्री हवा.

तुमच्यापैकी कुणी बोईसर-पालघरकडचं असेल, तर तिथली मॉकड्रिल कशी होते ते व्हॉइस नोटवर नक्की कळवा. भेटूया पुढच्या भागात!